मुठीचं शूटिंग

चातुर्मासात लग्नं नसतात, म्हणून मला कॅमेरा मिळाला.

गंगाखेडच्या स्टँडजवळ एक फोटो स्टुडिओ होता. मालकानं वर्षभरापूर्वी खांद्यावर घ्यायचा व्हिडिओ कॅमेरा आणला होता आणि त्याच्या झगझगीत दिव्याशिवाय तालुक्यातल्या बऱ्या घरांत आता अक्षता पडत नव्हत्या. पण आषाढापासून तुळशीच्या लग्नापर्यंत कॅमेरा कपाटात. मी नेमणुकीच्या कागदांसाठी फोटो काढायला गेले होते. तो फडक्यानं भिंग पुसत बसला होता. "पडा रहा तो काच को बुरशी लगती, मॅडम," तो म्हणाला. "चलता रहना अच्छा."

वडील रेल्वेत असल्यामुळं माझी शाळा सिकंदराबादला झाली, इंग्रजी माध्यमात. तिथल्या गल्लीतली भाषा आणि याची भाषा एकच होती. मी अनोळखी माणसाशी सहसा बोलत नाही, पण त्या भाषेत मला कधी अडखळायला झालं नाही. मी विचारलं, "सिखाते क्या?" त्यानं मला नीट बघून घेतलं. बाईमाणसानं शूटिंग शिकायचं हे त्याच्या हिशेबात बसत नसावं. मग म्हणाला, "हौ. इतवार को आओ. कैसेट तुमारी."

मी तेव्हा राणीसावरगावच्या रस्त्यावरच्या एका गावात, हायस्कूलमध्ये, रजेच्या जागेवर विज्ञान शिकवत होते. गंगाखेडला खोली, सकाळच्या एसटीनं जायचं, संध्याकाळच्या एसटीनं यायचं. माझ्या डोक्यात सगळं जीवशास्त्र इंग्रजीत होतं. आदल्या संध्याकाळी मी मराठी पुस्तक मोठ्यानं वाचायची आणि तरीही दुसऱ्या दिवशी वर्गात 'बीजांकुरण' हा शब्द फळ्याकडं तोंड करून म्हणायची. मुलं गालात हसायची. पण एक गोष्ट मला चांगली यायची: गप्प राहून बघणं. कॅमेरा हातात आल्यावर कळलं की अर्धं काम तेच आहे.

स्टाफरूममध्येही मी गप्पच असे. त्याला वेगळं कारण होतं. विद्यापीठाच्या नामांतराचा वाद तेव्हा मिटलेला नव्हता आणि त्यावरून गावोगाव जातीचा ताण होता. नवा माणूस आला की तो कुठला यापेक्षा कुणातला हे आधी चाचपलं जायचं. आम्ही बौद्ध. माझ्या आडनावावरून ते कळत नव्हतं. मी लपवलं नाही, पण आपण होऊन सांगितलंही नाही. चहा पिऊन झाला की मी वह्या तपासायला घ्यायची.

स्टुडिओवाल्यानं मला चार रविवारांत सगळं शिकवलं. कॅमेरा खांद्यावर कसा बसवायचा, कोपर बरगडीला कसं टेकवायचं, बटण दाबण्याआधी श्वास कसा धरायचा. "दस गिनो. दस के पहले बंद नक्को करो." बॅटरी तासभरसुद्धा टिकायची नाही. कॅमेऱ्यातून बघताना सगळं काळंपांढरं दिसायचं आणि नंतर टीव्हीवर लावलं की रंगात. मला त्या फरकाचं फार नवल वाटायचं.

मी पहिल्या कॅसेटवर समोरच्या शिंप्याचे पाय घेतले होते, शिलाई मशीन चालवतानाचे, आणि कातर धरलेला हात. स्टुडिओवाल्यानं ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"इसमें मूँ किदर है?"

"मेरे को काम दिखाना था."

"अरे मॅडम, हाथ कौन देखता? एक बी पाव्हना छूटा तो कैसेट वापस आती मेरे पास. मूँ होना. और मूँ कैमरे की तरफ होना."

लग्नाच्या शूटिंगची ती रीतच होती. दिवा पेटला की माणूस हातातलं काम टाकून ताठ उभा राहतो आणि भिंगाकडं बघतो. आहेर देणारा देता देता थांबतो, घास घेणारा घास हातात धरून थांबतो. लग्नाची कॅसेट म्हणजे हलणारा फोटो. मी ते ऐकून घेतलं, पण कॅसेटवरचे शिंप्याचे पाय पुसले नाहीत.

शाळेत रंगीत टीव्ही होता. सरकारी योजनेतून आलेला, कपाटात, खोक्यासकट. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात शाळेचा काहीतरी प्रयोग पाठवायचाच होता. मी हेडसरांना म्हटलं, नववीची मुलं दहा मिनिटांची फिल्म करतील. विषयही मुलंच ठरवतील. इतकं लांब वाक्य मी त्यांच्यासमोर पहिल्यांदाच बोलले होते. कदाचित त्या धक्क्यातच ते हो म्हणाले.

वर्गात विषय काढला तसा कल्ला झाला. साखर कारखाना, गोदावरीचा पूर, मारुतीच्या देवळातलं वानर. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ती फारशी बोलत नसे, म्हणून ती बोलली की मी लक्ष द्यायची. ती म्हणाली, "पेरणी दाखवू की, बाई. उगवलेलं सगळ्यांनी बघितलंय. बी पडतं कसं, ते कुणी बघत न्हाई."

ही मुलगी बौद्ध वस्तीतली. तिची आई दुसऱ्याच्या शेतात कामाला जायची आणि पेरणीत तिला सगळीकडून बोलावणं असायचं. तिफणीवर लाकडी वाटीसारखं चाडं असतं, त्याच्या बुडाला तीन भोकं, त्यांना तीन नळ्या. तिफणीमागं चालत चालत मुठीतलं बी त्या तिन्ही भोकांत सारखं सोडायचं असतं. मूठ घट्ट झाली की जमिनीत मोकळी जागा पडते, सैल झाली की बियांचा झुबका. तिच्या आईची मूठ गावात नावाजलेली होती. मुलगी खाली बसली आणि जराशानं परत उभी राहून म्हणाली, "माझी आई असती चाड्यावर. तिला घ्या, बाई."

"घेऊ," मी म्हटलं.

घटस्थापनेच्या सुमारास ज्वारीची पेरणी सुरू झाली. शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांचं शेत अगदी रस्त्याला लागून होतं, म्हणून तेच ठरलं. त्यांनी हौसेनं परवानगी दिली. आम्ही पोचलो तेव्हा निम्मं रान पेरून झालं होतं. गडी तिफण हाकत होता, मागं चाड्यावर मुलीची आई. कमरेला बियांची ओटी, डोक्यावरून पदर घट्ट बांधलेला. मी कॅमेरा खांद्यावर घेतला, बरगडीला कोपर टेकवलं, आणि तेवढ्यात गड्यानं बैल उभे केले.

"शूटिंग आलं! थांबा, मालकाला येऊ द्या."

मालक म्हणजे अध्यक्ष आले. कोरं धोतर, फेटा. मागून त्यांच्या पत्नी. सगळं गाव त्यांना काकी म्हणायचं. काकींनी जरीचं लुगडं नेसलं होतं, नाकात नथ होती. दोन पोरांनी बैलांच्या शिंगांना रंग लावला, पोळ्याच्या घुंगुरमाळा घातल्या. मग अध्यक्ष मुलीच्या आईला म्हणाले, "बाय, जरा बाजूला हो." ती बाजूला झाली. ओटीतलं बी काकींच्या ओंजळीत दिलं आणि बांधावरच्या बाभळीखाली जाऊन बसली. मुलगी माझ्या शेजारी कॅसेटचा डबा धरून उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी कॅमेऱ्याच्या भोकाला डोळा लावला.

मी काही बोलले नाही, हे सरळच लिहिते. बोलायला एक वाक्य पुरलं असतं. ते मला मराठीत येत होतं, इंग्रजीत येत होतं आणि स्टुडिओवाल्याच्या भाषेतही.

काकींनी चाड्यावर मूठ धरली आणि भिंगाकडं बघून हसल्या. तिफण चालली, त्याही चालल्या, मान तशीच माझ्याकडं वळवलेली. एक फेरी गेली, एक आली, अशा दोन झाल्या. मी दहा मोजत राहिले. मंडळी सजेपर्यंत कॅमेरा चालूच होता, त्यामुळं बॅटरी संपली. मंडळी घरी गेली, बैलांच्या घुंगुरमाळा उतरल्या, आणि बाभळीखालून ती बाई उठून पुन्हा चाड्यामागं लागली. ते घ्यायला माझ्याकडं वीज नव्हती.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओवाल्याकडून व्हीसीआर आणून आम्ही ते वर्गात लावलं. एकच हशा झाला.

"काकींचं लगीन लागायलंय!"

"गडी करवला हाय!"

हसू ओसरल्यावर पहिल्या बाकावरच्या एका मुलानं खरंच विचारलं, "बाई, काकी तर तुमच्याकडं बघायल्यात. मग बी कोण बघायलंय?"

उत्तर आठवड्याभरानं जमिनीतून आलं.

ज्वारी सहाव्या दिवशी वर दिसायला लागली. बीजांकुरणाचा धडा म्हणून मी वर्गाला शेतावर नेलं. प्रत्येक गटाला खुणा केलेली एक काठी दिली होती. ओळीवर काठी ठेवायची आणि किती खुणांवर रोप आहे ते वहीत लिहायचं. मोजायची गरजच पडली नाही. बाकीच्या रानात कोंब सुतात लावल्यासारखे एकामागं एक उभे होते. मधल्या दोन फेऱ्यांच्या ओळींत मात्र एका जागी मूठभर गर्दी आणि पुढं हातभर उघडी माती, पुन्हा गर्दी, पुन्हा माती. जिथं काकी हसल्या होत्या तिथं झुबका. शेत रस्त्यालाच असल्यामुळं एसटीतूनसुद्धा दिसत होतं. दोन दिवसांत गावानं त्या पट्ट्याला नाव देऊन टाकलं: शूटिंगच्या ओळी. गडी पाणवठ्यावर गेला की त्याला विचारायचे, "काय रे, पुढचं शूटिंग कवा? हरभऱ्याचं बी घ्या म्हणावं."

तिसऱ्या दिवशी हेडसरांनी मला बोलावलं. ते चांगले गृहस्थ होते, त्यांना कुणाशीच वाकडं नको असे.

"बाई, फिल्ममध्ये रोपं दाखवणार ना?"

"हो. शेवटी."

"मग त्या ओळी कशाला? शेजारच्या घ्या. चांगल्या आल्यात. काकींची मूठ दाखवायची आणि लगेच ती रोपं. अध्यक्षांचं तेवढंच म्हणणं आहे. कुणाचं नुकसान नाही."

मी बघते म्हणाले, आणि दोन्ही तऱ्हेच्या ओळी कॅमेऱ्यात घेऊन ठेवल्या. रविवारी स्टुडिओवाल्याला विचारलं, असं जोडता येतं का. तो हसला. दोन व्हीसीआर शेजारी ठेवले, एकातून चालवायचं, दुसऱ्यात उतरवायचं. काकींच्या मुठीवर बटण दाबून थांबवलं आणि पुढं नीट उगवलेल्या ओळी जोडल्या. जोडाच्या जागी पडद्यावर एक रंगीत रेघ चमकून गेली आणि संपलं. जरीच्या काठाखालून पडलेलं बी असं सुरेख उगवलं होतं की मलाही खरं वाटलं.

"देखा? किसको समजता?" तो म्हणाला.

एवढं सोपं असतं हे मला तोवर माहीत नव्हतं. मी कॅमेरा धरायला शिकले होते. फिल्म करणं म्हणजे काय ते त्या दिवशी शिकले. दोन खरी चित्रं शेजारी ठेवून धडधडीत खोटं सांगता येतं, आणि कुणालाही एक शब्द खोटा बोलावा लागत नाही.

ते मी मुलांना भाषण करून सांगितलं नाही. भाषण मला जमतही नाही. मी कागदाचे तुकडे कापले. एकावर लिहिलं 'काकींची मूठ', दुसऱ्यावर 'बैल आणि तिफण', तिसऱ्यावर 'सारखी उगवलेली रोपं', चौथ्यावर 'झुबके आणि उघडी माती'. पाच गट केले, वर्गाच्या फरशीवर तुकडे दिले आणि म्हटलं, हवे तेवढे वापरा, हव्या त्या क्रमानं लावा, आणि गोष्ट सांगा.

पहिल्या गटाची गोष्ट अशी झाली की काकींनी पेरलं आणि सोनं उगवलं. दुसऱ्याची, काकींनी पेरलं आणि वाटोळं झालं. तिसऱ्या गटानं मूठ वगळून टाकली. बैल आले आणि रोपं आली. मुलं वाकून एकमेकांचे तुकडे बघायला लागली.

"म्हंजे बाई," एकजण म्हणाला, "आपण कसं लावतो त्याच्यावर हाय."

"हो."

ती मुलगी शेवटच्या गटात होती. तिनं 'सारखी उगवलेली रोपं' हा तुकडा उचलून हातात धरला होता, खाली ठेवतच नव्हती.

"हे माझ्या आईचं हाय," ती म्हणाली. "ह्याच्याआधी काय ठेवू? तुकडाच न्हाई."

मी पेन्सिल घेऊन एका कोऱ्या कागदावर 'आईची मूठ' लिहिलं आणि तिला दिलं. आता तो तुकडा मला आणून द्यायचा होता. ज्वारीची पेरणी संपली होती. तुळशीचं लग्न तीन आठवड्यांवर होतं, आणि त्यानंतर कॅमेरा लग्नांना जाणार होता.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी मुलीच्या घरी गेले. तिची आई अंगणात तूर पाखडत होती. मी म्हटलं, शाळेच्या मैदानात थोडी माती भुसभुशीत करू, तिफण आणू, तुम्ही नुसतं करून दाखवा.

तिनं सूप खाली ठेवलं. "बी टाकायचं आन् उगवू द्यायचं न्हाई?"

"नुसतं शूटिंगपुरतं."

"मग न्हाई. खोटं पेरायचं न्हाई, बाई. बी हाय ते. काकी येतील शूटिंगला, मी पेरायला येते."

मग ती थोडी जवळ सरकली आणि आवाज उतरवून म्हणाली, "तुमी आपल्यातल्या हाव. पूर्णेला माझी नणंद राहती, रेल्वेच्या चाळीत. ती वळखती तुमच्या वडलाला. तुमी सांगितलं न्हाई, मीबी कुणाला सांगितलं न्हाई. पर माझ्यापायी तुमची नोकरी जाऊ नये."

मी तिथं बसून होते तेवढा वेळ माझी भीती मला अगदी स्पष्ट दिसत होती. तिची बाजू घेतली की लोक म्हणणार, आपल्यातली म्हणून घेतली. पण गेल्या वेळी मी गप्प राहिले होते, तेही त्याच भीतीनं. आणि त्यातून निघालं काय, तर शूटिंगच्या ओळी. मी विचारलं, "आता कुठं पेरणी आहे?"

"गहू. मालकाच्या विहिरीजवळ. बुधवारी."

म्हणजे पुन्हा तेच शेत. मी तिथूनच अध्यक्षांच्या घरी गेले. ते ओसरीवर पानाचा डबा घेऊन बसले होते, काकी आत-बाहेर करत होत्या. मी मुलांच्या वह्या नेल्या होत्या. कुठल्या ओळीत कुठल्या खुणेवर रोप आहे, सगळं नऊ-दहा जणांच्या अक्षरात लिहिलेलं. मी त्या पुढं केल्या आणि म्हटलं, "काकींची मूठ फिल्ममध्ये राहील, आणि त्या मुठीनं जे उगवलं तेच तिच्यापुढं राहील. शेजारच्या ओळी ज्यांनी पेरल्या त्यांची मूठ बुधवारी घ्यायची आहे. गव्हाच्या पेरणीत. तुमची परवानगी हवी."

अध्यक्षांनी वह्या उघडल्या नाहीत. "बाई, हे नामांतराचं काही काढलंय का तुमी शाळेत?"

"नाही. बियांचं काढलंय."

"तुमी कुणातल्या?"

"बौद्ध."

मी ते इतक्या सहज म्हटलं की माझं मलाच आश्चर्य वाटलं. त्यांनी पान लावायला घेतलं. चुना लावला, कात लावला. मग काकी दारातून म्हणाल्या, "मी काय पेरायला गेले होते का? सांगावा आला, शूटिंग हाय. लुगडं नेसून गेले. गावभर हसायलेत मला, तुमाला कोण हसतंय?"

"तू गप बस."

"का गप बसू? लगीन होऊन आले तवा ह्याच रानात मी होते चाड्यावर, धा वर्सं. आता मूठ मोडली. मोडली तर मोडली." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "बाई, बुधवारी गहू पेरायचा हाय. चाड्यावर तीच असणार, दुसरं कोण हाय? तुमी रस्त्यावर उभं राहून घ्या. रस्ता सरकारचा हाय. त्याला कुणाची परवानगी लागती?"

अध्यक्षांनी पान तोंडात टाकलं. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. पुढच्या जूनमध्ये त्या शाळेत मला पुन्हा नेमलं नाही. रजेवरच्या बाई परत आल्या होत्या, तेव्हा कारण दुसरं शोधायची गरजही नव्हती. मी शोधलं नाही.

रस्त्यावरून घ्यायचं म्हणजे मूठ लांब. भिंग पुढं ओढून जवळ आणता येतं, पण तेवढ्या लांबून हात जरा हलला की पडद्यावर भूकंप होतो. तिपाई आमच्याकडं नव्हती. मुलांनी रस्त्याच्या कडेला एक बैलगाडी उभी केली, चाकांना दगड लावले, गाडीत सरकीचं पोतं ठेवलं. पोत्यात कॅमेऱ्यापुरता खळगा करून तो त्यात बसवला, आणि तो माझ्या खांद्यापेक्षा स्थिर राहिला. मग मी बाजूला झाले आणि मुलीला म्हटलं, "तू घे."

"मी?"

"तुझी आई कधी वळते, कधी ओटीत हात घालते, तुला माहीत आहे. मला नाही."

तिला पोत्यामागं गुडघ्यावर बसावं लागलं. मी शेजारी बसून हळू आवाजात दहा मोजत होते. तिची आई लांबून आली, गेली, वळली. ती एकदाही आमच्याकडं बघेना. तिची नजर चाड्यात होती. बोटं जात्यात दाणे सोडावेत तशी हलत होती, मूठ कधी उघडी नाही आणि कधी मिटलेलीही नाही. मुलीनं एकदा वळणावर कॅमेरा आईच्या चालीबरोबर इतका हळू फिरवला की मी मोजायचं विसरले. रस्त्यानं जाणारी एक एसटी थांबली. ड्रायव्हरनं ओरडून विचारलं, "हिरॉइन कोण हाय?" पोरांनी एकदमच मुलीच्या आईकडं बोट केलं. तिनं तरीही मान वळवली नाही.

गहू वर आल्यावर त्या ओळी घेतल्या आणि मग स्टुडिओत बसून आम्ही जोड दिले. काकींची मूठ, मग झुबके. आईची मूठ, मग गव्हाचे कोंब. निवेदन मुलांनी लिहिलं. त्यात कुणाची थट्टा नव्हती, फक्त काठीवरच्या खुणा सांगितल्या होत्या. स्टुडिओवाल्यानं सवयीनं सुरुवातीला गुलाबाची चौकट टाकली होती, ती मी काढायला लावली. काकींच्या नथीवर मी भिंग जवळ न्यायला हवं होतं असं त्याचं शेवटपर्यंत मत होतं. आईच्या मुठीचा तुकडा मात्र त्यानं दोनदा मागं नेऊन बघितला. "हाथ बी देखने जैसा रहता," तो म्हणाला, आणि ते काम तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी संपलं.

तालुक्याला आमचा नंबर आला नाही, पवनचक्कीच्या मॉडेलचा आला. पण जायच्या आधी आम्ही ती फिल्म शाळेत गावाला दाखवली, दुपारी, खिडक्यांना चादरी लावून. अध्यक्ष आले नाहीत. त्यांच्या घरून सतरंज्या मात्र आल्या, आणि त्यांच्यावर पुढं काकी येऊन बसल्या, साध्या लुगड्यात. मुलीची आई दाराशी उभी होती. मुलीनं तिचा हात धरून ओढलं तशी ती आत आली आणि काकींपासून थोड्या अंतरावर, भिंतीला टेकून बसली.

काकींचा भाग आला तेव्हा हशा झाला. सगळ्यांत मोठ्यानं काकीच हसल्या. मग बैल पडद्याच्या कडेनं आत आले, आणि ती मूठ आली. वीस इंचांच्या टीव्हीवर मूठ जवळजवळ खरी होती तेवढीच दिसत होती. दाणे सुटताना दिसत होते. मी पडद्याकडं न बघता मुलीच्या आईकडं बघत होते. तिनं पदराचं टोक हातात गुंडाळलं होतं आणि पुढं वाकून ती स्वतःची बोटं बघत होती, कुणा दुसऱ्याचं काम तपासावं तशी.

मग तिच्या कपाळाला आठी पडली.

"डाव्या नळीला कमी पडायलंय," ती म्हणाली. पुढचं चित्र गव्हाच्या ओळींचं होतं. मुलं पडद्याच्या जवळ सरकली. खरंच, तीनांतली एक ओळ जराशी विरळ होती. काठीनं मोजताना आमच्या ते लक्षातच आलं नव्हतं.

"बाई, हे दाखवू नका," ती मला म्हणाली, सगळ्यांसमोर. "हे पुसा. दुसरं घ्या."

"आता कॅमेरा लग्नाला गेला," मी म्हटलं.

"राहू दे की," काकी मागं वळून तिला म्हणाल्या. "माझं दिसलं सगळ्या गावाला. तुझं दिसलं तर काय व्हतंय?"

ती हसली नाही. पडद्यावरच्या त्या विरळ ओळीकडं बघत राहिली, आणि हात तिच्या नकळत मांडीवर उघडून पुन्हा अर्धवट मिटला, अंगठा थोडा आत घेऊन. मुलगी ते बघत होती. तिनं वही उघडली आणि अंगठा कसा घेतला ते लिहून घेतलं.